घाम गळतोय, पण अंग गार होत नाहीये

प्रश्न थोडक्यात असा : वय ४१, वजन ७२ किलो. नाशिकला असताना २१ किलोमीटरचं अंतर २ तास १० मिनिटांत आरामात व्हायचं. फेब्रुवारीत बदली होऊन ठाण्याला आलो. आठवडाभर ऑफिसच्या एसीत असतो, आणि एप्रिलपासून रविवारी १२ किलोमीटरसुद्धा धड होत नाहीत. नाडी १७५ वर जाते, नंतर दिवसभर डोकं ठणकतं, पोटऱ्यांत गोळे येतात. ग्रुपमधले म्हणतात पाणी कमी पडतंय, निघण्याआधी लिटरभर मीठपाणी पी. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची आहे. माझी तब्येत ढासळली का? बीपीची एक गोळी रोज सकाळी असते, बाकी काही त्रास नाही.

तब्येत ढासळलेली नाही, हवा बदलली. आणि ते मीठपाणी पिऊ नका. का, ते पुढे येईलच.

मी अकोल्याचा. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सायकल हाणत कॉलेजला जाणारा. मुंबईत आलो तेव्हा इथले लोक ३३ अंशांना ‘काय गरम होतंय’ म्हणायचे आणि मला हसू यायचं. पहिल्याच मे महिन्यात सकाळी सहाला मरीन ड्राइव्हवर निघालो, आणि आठव्या किलोमीटरला कठड्यावर बसलो तो अर्धा तास उठलोच नाही. बनियन पिळलं तर पाणी निघत होतं, बुटात पचपच आवाज येत होता, आणि अंग मात्र तव्यासारखं. एवढा घाम जातोय आणि तरी थंड का वाटत नाही, हे कोडं मला तेव्हा उलगडलं नव्हतं. तुमचंही आत्ता तेच झालंय.

घाम नुसता येऊन उपयोग नसतो, तो वाळावा लागतो. माठातलं पाणी बाहेरचा पृष्ठभाग सुकत राहतो म्हणून गार होतं. तोच माठ पावसाळ्यात ठेवून बघा. अंगावरून टपकून रस्त्यावर पडलेला घामाचा थेंब तुमची उष्णता घेऊन जात नाही, फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

आता तुमच्याच वजनाचा हिशोब मांडू. सपाट रस्त्यावर धावताना किलोमागे किलोमीटरमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे तुम्ही १० किलोमीटर धावलात तर ७२० किलोकॅलरी. त्यातला पाव हिस्साही पुढे जाण्याच्या कामी येत नाही, उरलेले सुमारे ५५० म्हणजे निव्वळ उष्णता. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. म्हणजे तासाभराच्या धावण्यात तुमच्या अंगावरून लिटरभर घाम वाळायला हवा. आणि नाही वाळला तर? ७२ किलोच्या शरीराचं तापमान १ अंशानं वाढायला ६० किलोकॅलरी पुरतात. तयार झालेल्या उष्णतेतली नुसती चौथाई आत अडकली तरी दोन-सव्वादोन अंश वाढतात, म्हणजे ३७ वरून थेट ३९ च्या पुढे. तुमची नाडी १७५ वर का जाते याचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. उष्णता बाहेर फेकायला शरीर रक्त कातडीकडे वळवतं, पायांनाही रक्त हवंच असतं, वर घामामुळे रक्तातलं पाणी कमी झालेलं असतं. हृदयाला दोन्ही दारांवर धावावं लागतं.

नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच. तिथली पहाट गार आणि कोरडी. तिथे तुमचा घाम वाळत होता, एवढाच फरक.

म्हणून माझं म्हणणं असं की उकाड्यात धावण्याचा हिशोब आधी उष्णतेचा असतो, पाण्याचा नंतर. पाणी प्यायल्यानं हवेतली वाफ कमी होत नाही. तुमच्या हातात खरी एकच किल्ली आहे : उष्णता कमी तयार करणं. म्हणजे हळू धावणं. हे कुणाला ऐकायला आवडत नाही, मलाही आवडलं नव्हतं.

मन वळवायला एक उदाहरण देतो. २०१९ मध्ये दोहाला जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन उन्हामुळे मध्यरात्री ठेवली होती. ऊन नव्हतंच, पण तापमान ३२ च्या वर आणि आर्द्रता ७० टक्क्यांच्या पुढे. ६८ जणी निघाल्या, २८ जणींनी मध्येच सोडलं. जिंकली केनियाची रूथ चेपनगेटिच, २ तास ३२ मिनिटं ४३ सेकंदांत. त्याच वर्षी जानेवारीत तिनं दुबईत २ तास १७ मिनिटं ८ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली होती. साडेपंधरा मिनिटांचा फरक, किलोमीटरमागे २२ सेकंद. जगात त्या दिवशी पहिली आलेली बाई एवढी हळू धावली, आणि हळू धावली म्हणूनच पहिली आली. मग तुम्ही-आम्ही ठाण्यात एप्रिलमध्ये नाशिकचा वेग धरून कशाला बसायचं?

किती हळू, हे ठरवायला मोबाइलवर तापमान आणि आर्द्रतेची टक्केवारी बघू नका. टक्केवारी फसवते. पहाटे पाचला ९० टक्के दिसते, आठला ७०, आणि मग कुणीतरी हुशार म्हणतं की आठला निघू, दमटपणा कमी असतो. हवेतली वाफ तेवढीच असते हो, तापमान वाढल्यामुळे आकडा उतरलेला असतो, आणि वर ऊन डोक्यावर आलेलं असतं. बघायचा तो दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं तो आकडा. वाफ जास्त तेवढा तो वर. ॲपमध्ये ‘ड्यू पॉइंट’ म्हणून असतो. माझा ठोकताळा सांगतो, शास्त्राचा नियम म्हणून घेऊ नका : १८ च्या खाली असेल तर नेहमीसारखं धावा. २० ते २३ असेल तर किलोमीटरमागे १५-२० सेकंद सोडून द्या. २४ च्या वर गेला की ४० सेकंद, कधी मिनिटभरही. मुंबई-ठाण्यात मे महिन्यात तो बहुतेक दिवस २४ च्या वरच असतो. म्हणजे तुमचा किलोमीटरला ६ मिनिटं १० सेकंदांचा वेग आत्ता ६.५० किंवा ७ झाला तर ती अधोगती नाही, तोच दम आहे. घड्याळावरचा वेग दिसणारा पडदा सरळ बदलून टाका. बाजूच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का, एवढं बघा. ‘हो’ आणि ‘हं’ वर आलात की चाला. चालण्यात कसलीही लाज नाही, माझ्या ग्रुपमध्ये मे महिन्यात दर दहा मिनिटांनी एक मिनिट चालण्याचा नियमच आहे.

विदर्भात आणि मराठवाड्यात धावणाऱ्यांचं दुखणं वेगळं, तेही सांगून टाकतो, कारण हे उत्तर तिकडचेही वाचतील. तिथे हवा कोरडी, घाम लगेच उडून जातो, अंग कोरडं राहतं आणि किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. घरी आल्यावर काळ्या टीशर्टवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात तेव्हा कळतं. पहाटे साडेचार-पाचला तिथे मुंबईपेक्षा चांगलं धावता येतं. पण आठ-साडेआठनंतर हवाच कातडीपेक्षा गरम होते आणि वारा लागला तर गार वाटण्याऐवजी झळ बसते. तेव्हा घरात असायचं. आणि खिशातल्या कांद्याबद्दल दरवर्षी विचारतात : माझी आजीही ठेवायला लावायची. अपाय काही नाही, पण त्याच्या भरवशावर नवाला बाहेर पडू नका.

आता चांगली बातमी. शरीराला उन्हाची सवय लागते आणि फार झपाट्यानं लागते. पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, नाडी थोडी उतरते. दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटायला लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. अट एकच, रोज किंवा दिवसाआड थोडं तरी गरम हवेत घाम येईल इतकं हलायचं. पहिले चार-पाच दिवस फक्त २५-३० मिनिटं, अगदी रमतगमत. पुढचे चार-पाच दिवस ४०-४५. मग तासाभराकडे. या पंधरवड्यात वेगाचा सराव नको, चढ नको, येऊरच्या डोंगराची वाट तर नकोच. तुम्ही केलंत ते नेमकं उलटं : आठवडाभर ऑफिसच्या एसीत बसून रविवारी एकदम १२ किलोमीटर. जिममधल्या ट्रेडमिलवर दोन दिवस वेगाचा सराव केला तर पाय तयार राहतील, पण त्यानं उन्हाची सवय लागणार नाही, हे ध्यानात असू द्या. आणि ही सवय टिकत नाही. तीन-चार आठवडे खंड पडला की जवळजवळ पहिल्यापासून सुरुवात.

इथेच तुमच्या जानेवारीचा संबंध येतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात सगळे तयार होतात, डिसेंबरात सुंदर हवा पडते, लोक पहाटे पाचला धावून साताला घरी येतात आणि सवय विरून जाते. मग स्पर्धेच्या दिवशी पहाट मजेत जाते, सी लिंकवर वारा लागतो, फोटो निघतात. पण साडेचार-पाच तास घेणारे शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ चढायला येतात तेव्हा ऊन लख्ख आलेलं असतं, आणि तिथे माणसं पटापट बसतात. सगळे म्हणतात चढानं मारलं. मी म्हणतो उन्हानं मारलं, चढ नुसता साक्षीदार. म्हणून डिसेंबरात आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम सकाळी आठला, उन्हात, तासभर हळू धावायचं.

पाण्याचं आता. अंदाज बांधत बसू नका, वजनकाटा घ्या. मी दरवर्षी मेच्या पहिल्या आठवड्यात करतो. गेल्या खेपेला निघण्याआधी लघवीला जाऊन, कपडे काढून काट्यावर उभा राहिलो : ६८.४. सत्तर मिनिटं धावलो, त्यात अर्धा लिटर पाणी प्यायलो. घरी येऊन अंग खडखडीत पुसून, पुन्हा कपड्यांशिवाय : ६६.९. दीड किलो गेलं, अधिक प्यायलेलं अर्धा, म्हणजे सत्तर मिनिटांत दोन लिटर घाम. (पुसल्याशिवाय आणि ओल्या चड्डीवर वजन केलंत तर आकडा खोटा येतो. माझे ओले मोजे एकदा वेगळे मोजले होते, मोज्यांचीच लाज वाटली.) हे दोन लिटर धावता धावता भरून काढायचे नसतात, पोटाला तेवढं झेपतही नाही. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट, तुमच्या बाबतीत दीड किलोच्या आत, चालते. तहान लागली की प्या. तासाला अर्धा-पाऊण लिटर बहुतेकांना पुरतं, उरलेलं नंतर जेवणाखाण्यातून सावकाश भरून येतं.

काट्याचा दुसरा उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. धावून आल्यावर वजन वाढलेलं असेल आणि डोकं ठणकत असेल, तर पाणी कमी नाही, जास्त झालंय. रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळ, डोकेदुखी, गोंधळ, आणि टोकाला जीवही जातो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, आणि सगळ्यात ठळक खूण होती धावताना वाढलेलं वजन. म्हणजे दोष कमी पिण्याचा नव्हता, जास्त पिण्याचा होता. तुमची डोकेदुखी नक्की कशाची, हे तीन-चार वेळा काट्यावर उभं राहिल्याशिवाय मी सांगणार नाही. ग्रुपमधल्या मंडळींनीही सांगू नये.

मीठ तासाभराच्या आत लागत नाही. त्याच्या पुढे धावणार असाल तर घरचं साधं : १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर, चहाचाच अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. किंवा कोकम, पण बाजारचं आगळ वापरत असाल तर त्यात मीठ आधीच असतं, आणखी टाकलंत तर समुद्र प्याल. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं, म्हणून ते धावून आल्यावर छान, धावताना एकट्यानं पुरत नाही. ताक आणि पन्हंही नंतरच. औषधाच्या दुकानातली पुडी घेणार असाल तर तिच्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलंय का बघा. ‘एनर्जी’ लिहिलेले रंगीत खोके ठेवून द्या. पोटऱ्यांतले गोळे बहुतेक वेळा मिठाचे नसतातच, झेपण्यापलीकडे दमवलेल्या स्नायूंचे असतात. वेग कमी करा, महिनाभरात निम्मे गोळे आपोआप जातील.

बर्फाची मात्र मी जोरात शिफारस करतो. निघण्याआधी वीस मिनिटं कोकम सरबतात कुटलेला बर्फ घालून ग्लासभर चमच्यानं खा, गोळेवाल्याकडे खातो तसा. बर्फ वितळताना पोटातून उष्णता ओढून घेतो, सुरुवातच जरा खालून होते. बाटली अर्धी भरून रात्री आडवी गोठवा, सकाळी वरून पाणी ओता, हातात धरून धावा. गळ्याभोवती पंच्यात बर्फाचे चार खडे बांधा. डोक्यावर पाणी ओतायचं तर कमरेत वाकून ओता, नाहीतर सगळं बुटात जातं आणि पुढचे दहा किलोमीटर फोड मोजत जाता. कपडे पातळ, फिके, सैल. सुती बनियन भिजलं की मणाचं होतं. आणि वजन उतरवायला प्लॅस्टिकचा सूट घालून धावणारे महाभाग तलावपाळीला मी पाहिलेत, त्यांच्याशी भांडलोही आहे. घाम वाळण्याची उरलीसुरली वाटही बंद करून घ्यायची म्हणजे कमाल आहे.

मेमध्ये लांब पल्ला एका ओळीत धावू नका. उपवनला तळ्याच्या आसपास दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या आखा, गाडीच्या डिकीत बर्फाचा डबा ठेवा. दर फेरीला ‘अजून एक?’ हा प्रश्न स्वतःला विचारता येतो. आणि बेत फसला तर घर जवळ असतं. ताप, जुलाब, रात्रीचं जागरण किंवा आदल्या रात्रीची पार्टी, यांपैकी एक काही असेल तर त्या दिवशी सुट्टी. धावण्याआधी दुखण्याची गोळी घेण्याची पद्धत पडली आहे, ती पाणी कमी झालेल्या शरीरात मूत्रपिंडाला जड जाते. नंतर लघवी कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना.

एक प्रसंग सांगायलाच हवा. काही वर्षांपूर्वी एका छोट्या स्पर्धेत मी स्वयंसेवक होतो. एक मुलगा, पंचविशीचा, अठराव्या किलोमीटरला वाकडातिकडा यायला लागला. मी हात धरला तर चिडून म्हणाला, ‘सोडा, माझी लोकल सुटेल.’ अंग घामानं निथळत होतं, म्हणून शेजारचा म्हणाला, घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही. इथेच माणसं मरतात. उन्हात नुसतं बसून होणाऱ्या उष्माघातात कातडी बऱ्याचदा कोरडी असते. धावणाऱ्याच्या उष्माघातात ती चिंब असू शकते. खूण घामात नसते, बोलण्यात असते. काहीतरी असंबद्ध बोलणं, विनाकारण चिडणं, आपण कुठे आहोत ते न सांगता येणं, झोकांड्या. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं, काखेतला थर्मामीटर ते दाखवत नाही.

त्या दिवशी बाजूच्या टपरीवाल्यानं शीतपेयांच्या बाटल्यांचा बर्फाचा टब रिकामा करून दिला. ताडपत्रीवर त्याला आडवा करून चौघांनी कडा वर धरल्या, त्यात पाणी आणि बर्फ ओतला आणि ढवळत राहिलो. बारा-पंधरा मिनिटांनी तो विचारायला लागला, ‘मी कुठाय?’ रुग्णवाहिका त्यानंतर आली. १०८ ला फोन लगेच करायचा, पण ती येईपर्यंत थांबायचं नाही. आधी गार करायचं, मग न्यायचं. पहिली तीस मिनिटं सगळं ठरवतात. बर्फ नसेल तर सोसायटीतला बागेचा पाइप, ओल्या चादरी आणि पंखा. शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि तापाची गोळी इथे काही करत नाही, हा ताप आजाराचा नसतो.

आता तुम्ही शेवटच्या ओळीत जाता जाता लिहिलंत ते, बीपीच्या गोळीचं. माझ्या दृष्टीनं तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. बीपीच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि मीठ काढतात, काही हृदयाचा वेगच दाबून ठेवतात. दोन्हींचा उकाड्यातल्या धावण्याशी थेट संबंध आहे. तशी गोळी असेल तर नाडीचे आकडेही वेगळ्या नजरेनं वाचावे लागतात. आणि बीपी असलेल्या माणसानं निघण्याआधी लिटरभर मीठपाणी पिणं म्हणजे काय, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, तेच ओरडतील. गोळी स्वतःहून बंद करू नका, वेळही बदलू नका. येत्या रविवारची धाव मात्र रद्द करा आणि त्याआधी डॉक्टरांना भेटून स्पष्ट सांगा की मी पहाटे उकाड्यात तास-दीड तास धावतो. बहुतेक पेशंट ‘थोडं चालतो’ असं सांगतात. गोळीची पट्टी सोबत न्या, नाव कुणाच्याच लक्षात राहत नाही.